मॅमीला नाव का नाही? जुन्या ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्या आणि त्यांच्या वाचकांचे दोन तट

आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी अभ्यासवर्ग चालतो. तिथे मध्यंतरी एका कादंबरीवरून चांगलाच वाद झाला. एम.ए.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका मुलीने मार्गारेट मिचेल या अमेरिकन लेखिकेची 'गॉन विथ द विंड' वाचून काढली होती आणि ती तिच्याविषयी बोलायला उभी राहिली. चळवळीत आयुष्य घालवलेले एक ज्येष्ठ कार्यकर्ते तिला मध्येच थांबवून म्हणाले, "गुलामगिरीचे गोडवे गाणारं पुस्तक आपल्या कपाटात कशाला हवं?" एक निवृत्त शिक्षक म्हणाले, "अहो, तो काळच तसा होता. आजच्या फूटपट्टीने तेव्हाचं पुस्तक मोजू नये." मुलगी दोघांचं ऐकून घेऊन खालच्या आवाजात म्हणाली, "काका, मला स्कार्लेट आवडली. आणि आवडली म्हणून स्वतःचीच लाज वाटली. त्यातली मॅमी वाचताना सारखी आई आठवत होती."

तिची आई चार घरची धुणीभांडी करते.

त्या दिवशी या वाक्याला कोणाकडेच उत्तर नव्हते. आम्हीही गप्प बसलो. नंतर मात्र आम्ही हा विषय सोडला नाही. जगभर या पुस्तकाचे वाचक गेली जवळजवळ नव्वद वर्षे याच वादात दोन बाजूंना उभे आहेत, आणि त्या वादात फुले-आंबेडकरी विचाराकडे सांगण्यासारखे काही आहे, असे आमचे मत झाले आहे.

आधी पुस्तक काय आहे ते पाहू. १९३६ च्या जून महिन्यात मॅकमिलन कंपनीने ही हजारावर पानांची कादंबरी बाजारात आणली. सहा महिन्यांत तिच्या दहा लाख प्रती खपल्या. १९३७ साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि १९३९ साली तिच्यावर चित्रपट आला. कथा अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्यात, यादवी युद्धाच्या आणि त्यानंतरच्या काळात घडते. स्कार्लेट ओहारा ही कापसाच्या मळेवाल्याची मुलगी. युद्धात तिचे सगळे जाते. ती हाताने शेत करते, लाकडाची वखार चालवते, पुन्हा कधी उपाशी राहायचे नाही या जिद्दीने उभी राहते. आमच्या मुलीला आवडली ती ही स्कार्लेट, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. भुकेशी झगडणारी बाई आमच्या वस्तीतल्या मुलीला ओळखीची वाटणारच.

पण त्या कापसाच्या मळ्यावर राबत कोण होते? गुलाम. कादंबरीतले चांगले गुलाम मालकावर जीव टाकतात, स्वातंत्र्य मिळाल्यावरही घर सोडत नाहीत. जे स्वातंत्र्य भोगू पाहतात ते उद्दाम, आळशी आणि धोकादायक ठरतात. स्कार्लेटवर हल्ला होतो तेव्हा तिचा नवरा आणि इतर 'सज्जन' गोरे पुरुष सूड घ्यायला रात्री निघतात, आणि ते कू क्लक्स क्लॅनचे सदस्य असतात. ही खुनी संघटना कादंबरीत नाइलाजाने पत्करलेले संरक्षण म्हणून येते. आणि स्कार्लेटला लहानाची मोठी करणारी मॅमी? तिला हजार पानांत स्वतःचे नाव नाही. तिचा नवरा, तिची मुले, तिची रात्र कशी जाते, यातले काहीही वाचकाला कळत नाही. "मॅमी आमच्या घरचीच" एवढीच तिची ओळख.

वाचकहो, "मावशी आमच्या घरच्याच आहेत" हे वाक्य आपल्याकडच्या फ्लॅटमध्येही ऐकू येते. त्या घरच्यांना मावशींचे आडनाव विचारून पाहा. काहींना ते ठाऊक नसते. काहींनी मात्र कामावर ठेवण्याआधी ते नीट विचारून घेतलेले असते, आणि ते कशासाठी, हे आम्ही सांगायची गरज नाही.

आता "तो काळच तसा होता" या युक्तिवादाकडे येऊ. अभ्यासवर्गातल्या शिक्षकांसारखे अनेक प्रामाणिक वाचक तो करतात. आमचा त्यांना साधा प्रश्न आहे: कोणाचा काळ? १९३६ साली अमेरिकेत फक्त गोरे राहत होते काय?

कादंबरीतला इतिहास मिचेल यांनी एकटीने रचलेला नाही. १९०५ साली टॉमस डिक्सन यांनी 'द क्लॅन्समन' लिहिली. तिच्या उपशीर्षकातच ती क्लॅनची 'ऐतिहासिक प्रेमकथा' असल्याचे म्हटले होते. तिच्यावरून १९१५ साली 'द बर्थ ऑफ अ नेशन' हा चित्रपट निघाला आणि तो थेट व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना दाखवला गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस अटलांटा शहराजवळच्या स्टोन माउंटन टेकडीवर मेलेली क्लॅन पुन्हा जिवंत करण्यात आली. एका प्रेमकथेतून एका मारेकरी संघटनेला अशी नवी उभारी मिळाली. मिचेल याच अटलांटाच्या. आपण डिक्सन यांची पुस्तके वाचतच मोठ्या झालो, असे त्यांनी स्वतः डिक्सन यांना पत्राने कळवले होते.

या कथांना विद्यापीठाचा शिक्काही मिळाला होता. यादवी युद्धानंतरच्या १८६५ ते १८७७ या काळाला अमेरिकेच्या इतिहासात पुनर्रचनेचा काळ म्हणतात. याच काळात घटनादुरुस्त्या होऊन गुलामगिरी संपली, काळ्यांना नागरिकत्व आणि काळ्या पुरुषांना मताधिकार मिळाला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक विल्यम डनिंग आणि त्यांच्या शिष्यांनी या काळाचा इतिहास लिहिला तो असा, की काळ्यांना मत देणे हीच घोडचूक होती आणि त्यांची सरकारे म्हणजे नुसता गोंधळ आणि लूट. हा इतिहास पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तकांतून शिकवला गेला. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब याच विद्यापीठात शिकत होते. 'बर्थ ऑफ अ नेशन' न्यूयॉर्कमध्ये झळकला तेव्हा ते त्याच शहरात राहत होते. त्यांनी तो पाहिला की नाही, हा इथे मुद्दा नाही. एकाच विद्यापीठात गुलामांच्या मुक्तीला चूक ठरवणारा इतिहासही तयार होत होता आणि अस्पृश्यांच्या मुक्तीचा शिल्पकारही घडत होता, एवढे लक्षात घ्यावे.

त्या काळात या खोट्या इतिहासाला उत्तर देणारे लोकही होते. 'बर्थ ऑफ अ नेशन'विरुद्ध काळ्यांच्या एनएएसीपी या संघटनेने १९१५ सालीच देशभर आंदोलन केले. १९३५ साली, म्हणजे मिचेल यांच्या कादंबरीच्या एक वर्ष आधी, डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांचा 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन' हा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुनर्रचनेच्या काळात मुक्त झालेल्या गुलामांनी शाळा काढल्या, राज्यघटना लिहिल्या, लोकशाही चालवून दाखवली, हे त्यांनी पुराव्यानिशी मांडले. शेवटच्या प्रकरणात तर इतिहासकारांनी प्रचारालाच इतिहास कसा बनवला याची झडती घेतली. चित्रपट तयार होत असताना एनएएसीपीचे वॉल्टर व्हाइट यांनी निर्मात्याशी पत्रव्यवहार केला, काळ्यांच्या वृत्तपत्रांनी टीकेची झोड उठवली, आणि परिणामी काळ्यांसाठीचा शिवीवाचक शब्द आणि क्लॅनचे नाव चित्रपटातून काढले गेले. मिशिगनमधल्या एका गावातल्या थिएटरात हा चित्रपट पाहणारा एकुलता एक काळा मुलगा लाजेने गालिच्याखाली लपावेसे वाटून बसला होता; त्याने पुढे आत्मचरित्रात ते नोंदवले. तो मुलगा म्हणजे माल्कम एक्स.

तेव्हा "तो काळच तसा होता" हे अर्धसत्य आहे. त्या काळात दोन प्रकारचे वाचक होते आणि त्यांतल्या एकाच प्रकारच्या वाचकाचे मत 'काळाचे मत' म्हणून नोंदले गेले. आजच्या वाचकाला या पुस्तकात जे खटकते ते तेव्हाही खटकत होते. फक्त ज्यांना खटकत होते त्यांच्याकडे छापखाने थोडे होते आणि पारितोषिक समितीत खुर्ची नव्हती.

हॅटी मॅकडॅनियल यांचीच गोष्ट पाहा. पडद्यावरची मॅमी त्यांनी उभी केली. त्यांचे वडील स्वतः गुलाम होते आणि पुढे उत्तरेच्या सैन्यातून लढले होते. डिसेंबर १९३९ मध्ये अटलांटाला चित्रपटाचा पहिला खेळ झाला तेव्हा तिथल्या भेदभावाच्या कायद्यामुळे त्यांना हजर राहता आले नाही. १९४० साली ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या काळ्या कलावंत ठरल्या, पण समारंभात त्यांना बाकीच्या कलाकारांपासून दूर, वेगळ्या टेबलावर बसवले होते. पडद्यावर जी 'घरचीच' होती तिला एका पंगतीला बसू दिले नाही. आपल्याला हे समजावून सांगायला नको.

आता या कादंबऱ्यांतल्या दुसऱ्या त्रासदायक गोष्टीकडे वळू. ती बाईच्या शरीराशी संबंधित आहे. कादंबरीत रेट हा नवरा दारूच्या नशेत स्कार्लेटला तिच्या विरोधाला न जुमानता उचलून जिन्यावरून वर नेतो आणि सकाळी ती सुखावलेली दिसते. कोट्यवधी वाचकांनी हा प्रसंग प्रणय म्हणून वाचला. पुढे १९७२ साली कॅथलीन वूडीविस यांची 'द फ्लेम अँड द फ्लॉवर' ही कादंबरी आली आणि ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्यांची मोठी लाटच उसळली. तिच्यात नायक नायिकेवर सुरुवातीलाच बलात्कार करतो, पुढे तिच्याशी लग्न होते, आणि शेवटी तोच तिचा प्रियकर ठरतो. हा नायकही कॅरोलिनातला मळेवाला आहे. म्हणजे तिथेही पार्श्वभूमीला गुलाम आहेतच.

ही पुस्तके वाचणाऱ्या बायका मूर्ख होत्या काय? समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना जॅनिस रॅडवे यांचे १९८४ सालचे 'रीडिंग द रोमान्स' ठाऊक असेल. त्यांनी एका अमेरिकन गावातल्या प्रेमकादंबऱ्यांच्या वाचक स्त्रियांशी बोलून अभ्यास केला. या बायका आंधळेपणाने वाचत नव्हत्या. क्रूर नायक, बलात्कार, छळ असलेली पुस्तके त्या नाकारत. पण तीच हिंसा गैरसमजातून किंवा अनावर प्रेमातून झाली असे कथेने पटवून दिले, की काहीजणी ती चालवून घेत. आणि वाचन का करता, असे विचारल्यावर त्या म्हणत की नवरा, मुले, स्वयंपाक यांतून तेवढाच वेळ स्वतःचा असतो. या वाचनात घरातल्या जाचाविरुद्धची कुरकुर आहे, पण ती कुरकुर शेवटी त्याच घराशी जुळवूनही घेते, असे रॅडवे यांचे म्हणणे होते. आम्हाला ते पटते. वाचणाऱ्या बाईची टिंगल करून काहीच हाती लागत नाही. तिला हिंसेत प्रेम शोधावे का लागते, हे विचारायला हवे. नवऱ्याने केलेला बलात्कार हा अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत गुन्हा ठरायला १९९३ साल उजाडले. आपल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये तर नवऱ्याला दिलेली सूट आजही कायम आहे. जो कायदा बाईच्या नकाराला किंमत देत नाही, त्याच्या छायेत लिहिलेली प्रेमकथा नकाराला होकार समजते, यात नवल काय?

पण इथेच एक फरक पाहायला हवा, आणि बहुतेक वाचक तो पाहत नाहीत. गोऱ्या नायिकेवरच्या जबरदस्तीला कादंबरी निदान प्रेमात तरी रूपांतरित करते. मळ्यावरच्या काळ्या बाईवर होणाऱ्या जबरदस्तीला कादंबरीत जागाच नाही. खऱ्या इतिहासात ती रोजची होती. मिसुरी राज्यात सीलिया नावाच्या गुलाम मुलीवर मालक वर्षानुवर्षे बलात्कार करत होता. १८५५ साली तिने त्याला ठार केले. आपल्या अब्रूचे रक्षण करण्याचा कायद्याने स्त्रियांना दिलेला हक्क गुलाम स्त्रीला कोर्टाने लागू केला नाही आणि तिला फाशी दिली. हॅरिएट जेकब्ज या गुलाम स्त्रीने मालकाच्या वासनेतून सुटण्यासाठी आजीच्या घराच्या छपराखालच्या, धड उभेही राहता येणार नाही अशा जागेत जवळजवळ सात वर्षे लपून काढली. १८६१ साली त्यांनी टोपणनावाने आत्मकथन प्रसिद्ध केले. पुढे कित्येक दशके अभ्यासक त्याला कादंबरी समजत राहिले. जीन फॅगन येलिन या संशोधिकेने पत्रे आणि कागदपत्रे धुंडाळून १९८० च्या दशकात सिद्ध केले, की हे सगळे खरे घडलेले आहे आणि लेखिका जेकब्जच आहेत.

ही उलथापालथ नीट पाहा. गोऱ्या लेखिकेची कादंबरी लोकांनी इतिहास म्हणून वाचली. अटलांटाला येणारे पर्यटक कादंबरीतला तो मळा कुठे आहे म्हणून विचारत राहिले. आणि काळ्या स्त्रीने भोगलेला इतिहास मात्र कादंबरी ठरला. कोणाच्या कल्पनेला इतिहास म्हणायचे आणि कोणाच्या इतिहासाला कल्पना म्हणायचे, हे ठरवणारी सत्ता हाच या वादाचा गाभा आहे. आपल्याकडे दलित आत्मकथने आली तेव्हा "हे जरा अतिरंजित वाटतं" असे म्हणणारे किती निघाले, ते आपण विसरलेलो नाही.

मग करायचे काय? पुस्तक जाळायचे, कपाटाबाहेर काढायचे, की वाचायचे?

इथे आमच्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी महाडचा दाखला दिला. २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले, मग हे पुस्तक का ठेवायचे? दाखला मोठा आहे, म्हणून उत्तर नीट द्यायला हवे. मनुस्मृती ही गोष्टीची पोथी नव्हती. तिच्या आधाराने माणसांना पाणी नाकारले जात होते. ते दहन एका कायद्याचा अधिकार नाकारणारी कृती होती. आणि तिचे दहन करणाऱ्या बाबासाहेबांनी ती अक्षरन्‌अक्षर वाचली होती. त्यांच्या ग्रंथांत तिचे श्लोक पानोपानी उद्धृत आहेत. राजगृहातल्या त्यांच्या ग्रंथसंग्रहात शत्रूची पुस्तके नव्हती काय? न वाचता नाकारणे हा त्यांचा मार्ग नव्हता. पुस्तक अधिकार गाजवते तेव्हा त्या अधिकाराला आव्हान द्यावे. पुस्तक पुरावा असते तेव्हा ते जपावे. 'गॉन विथ द विंड' हा गोऱ्या दक्षिणेने स्वतःची समजूत कशी घातली याचा पुरावा आहे.

दुसरा प्रश्न सूचनेचा. जून २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर एका अमेरिकन वाहिनीने हा चित्रपट काही दिवस काढून घेतला आणि जॅकलिन स्टुअर्ट या काळ्या चित्रपट-अभ्यासिकेच्या प्रास्ताविकासह पुन्हा दाखवायला सुरुवात केली. २०२३ साली ब्रिटनमधल्या प्रकाशकाने कादंबरीच्या नव्या आवृत्तीत वाचकांसाठी इशारा आणि एका कादंबरीकर्तीचा टीकात्मक लेख घातला. यावरही वाचक दुभंगले. काहींना हा वाचकाचा अपमान वाटला, काहींना एवढे तरी हवेच असे वाटले.

आमचा अनुभव आम्हाला सावध करतो. १९८७ साली महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या 'रिडल्स इन हिंदुइझम'चा खंड छापला, तेव्हा राम आणि कृष्णावरच्या मजकुराविरुद्ध आंदोलन झाले आणि तो मजकूर काढायला शासन तयार झाले. आंबेडकरी जनता लाखोंनी मुंबईच्या रस्त्यावर उतरली. शेवटी मजकूर राहिला, पण शासन या मतांशी सहमत नाही अशी टीप त्याखाली आली. म्हणजे टीप दोन्ही बाजूंनी चालणारे हत्यार आहे. ज्याचे दुखले त्याने लिहिलेली टीप वाचकाचे डोळे उघडते. सत्तेने लिहिलेली टीप लेखकाचे तोंड बंद करू पाहते. सूचना असावी की नसावी, एवढ्यावर भांडू नये. ती कोण लिहितो ते आधी विचारावे.

टिपेपेक्षा मोठे उत्तर मात्र दुसऱ्या पुस्तकाचे असते. २००१ साली अॅलिस रँडल या काळ्या लेखिकेने 'द विंड डन गॉन' लिहून तीच कथा मॅमीच्या मुलीच्या तोंडून सांगितली. ही मुलगी मळ्याच्या मालकापासून झालेली, म्हणजे स्कार्लेटची सावत्र बहीण. मिचेल यांच्या वारसदारांनी प्रकाशनाविरुद्ध कोर्टात धाव घेतली, खालच्या कोर्टाने मनाईही दिली, पण वरच्या कोर्टाने ती उठवली. जुनी कादंबरी जिथे गप्प बसली होती नेमकी तीच जागा या पुस्तकाने बोलकी केली.

माणसाविषयीही न्यायाने बोलले पाहिजे. मिचेल यांनी १९४० च्या दशकात अटलांटाच्या मोअरहाउस कॉलेजातल्या काळ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी गुपचूप पैसे दिले, हे आज उघड झाले आहे. आम्ही ते नाकारत नाही. पण लेखकाच्या दानाने पुस्तकातला खोटा इतिहास खरा होत नाही, तसेच पुस्तकातल्या खोट्यामुळे ते दान खोटे ठरत नाही.

या लढ्याशी आपले नाते आजचे नाही. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत काळ्यांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटणाऱ्यांना. १९३६ साली अमेरिकेत मिचेल यांची कादंबरी आली त्याच वर्षी बाबासाहेबांनी 'जातिसंस्थेचे निर्मूलन' हे न झालेले भाषण, मजकुरात बदल करायला नकार देऊन, स्वखर्चाने छापले. १९४६ साली त्यांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. म्हणून मॅमीचा प्रश्न आम्हाला परका वाटत नाही.

आमच्या अभ्यासवर्गाने शेवटी असे ठरवले. पुस्तक कपाटात राहील. त्याच्या शेजारी जेकब्ज यांचे आत्मकथन आणि ड्यू बॉइस यांचा ग्रंथ राहील, आणि एक वाचणाऱ्याने दुसरेही वाचायचे. ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी हे लगेच मान्य केले असे नाही. "विष आणि औषध एका फळीवर ठेवताय," असे ते अजून म्हणतात. त्यांचा राग आम्हाला मोलाचा वाटतो, कारण तो रागच पुस्तकाकडे नीट पाहायला लावतो.

त्या मुलीने पुढच्या रविवारी कादंबरीवर चार पाने लिहून आणली. सुरुवात तिने स्कार्लेटपासून केली नव्हती. पहिल्या ओळीत तिने आपल्या आईचे पूर्ण नाव लिहिले होते, आणि ती किती वाजता उठते, कोणत्या घरी किती वाजता पोचते, कुठे तिला वेगळ्या कपात चहा मिळतो, ते सगळे. लाज वाटते का, असे आम्ही तिला विचारले. ती म्हणाली, "आता नाही. पण मॅमीचं नाव काय असेल, हा विचार डोक्यातून जात नाही."

जयभीम.